स्पॅम दुसऱ्याने पाठवले, मेल आमचे परत आले: दाद नेमकी कुणाकडे मागायची?

मुद्रितशोधक

नमस्कार. मी एका छोट्या अभ्यासविषयक त्रैमासिकाचे संपादनाचे काम पाहतो. लेखकांशी आणि लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांशी आमचा सगळा पत्रव्यवहार ईमेलनेच होतो. आमचे स्वतःचे डोमेन आहे आणि मेलची व्यवस्था एका होस्टिंग कंपनीच्या सामायिक सर्व्हरवर आहे. जाहिरातीचे किंवा वर्गणीच्या आठवणीचे घाऊक मेल आम्ही पाठवत नाही. जे काही जाते ती एकेकाला लिहिलेली पत्रे असतात.

गेल्या काही आठवड्यांपासून त्यांतली काही पत्रे परत येऊ लागली आहेत. परत आलेल्या मेलमध्ये ५५४ हा आकडा आणि ‘आपला आयपी पत्ता काळ्या यादीत असल्यामुळे मेल नाकारला आहे’ अशा अर्थाचे वाक्य असते. होस्टिंग कंपनीकडे चौकशी केली तेव्हा कळले, की त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या एका ग्राहकाच्या संकेतस्थळात कुणीतरी शिरकाव करून तेथून भरमसाट स्पॅम पाठवले होते. ते संकेतस्थळ कंपनीने लगेच बंद केले, पण यादीतली नोंद तशीच आहे. यादी चालवणाऱ्यांना मी लिहिले, तर ‘हा पत्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनीच अर्ज करावा’ असे उत्तर आले. ज्या विद्यापीठाच्या सर्व्हरने मेल नाकारला तेथल्या पोस्टमास्टरच्या (मेल व्यवस्थेच्या तक्रारींसाठीच्या) पत्त्यावर तक्रार केली, तर ती तक्रारही त्याच कारणासाठी परत आली.

परत येणारी पत्रे निदान दिसतात तरी. एका लेखिकेला पाठवलेले स्वीकृतीचे पत्र परतही आले नाही आणि तिला मिळालेही नाही. लेख नाकारला गेला असे समजून तिने तो दुसऱ्या नियतकालिकाकडे पाठवला आणि दोन्हीकडे तो छपाईला लागल्यावर हा घोळ उघडकीस आला. तिची काही चूक नव्हती, आमचीही नव्हती, आणि तरीही खुलासे आम्हालाच करावे लागले.

यात जबाबदार कोण? यादीवाले म्हणतात, आम्ही कुणाचा मेल अडवत नाही. नाकारणारा सर्व्हर यादीकडे बोट दाखवतो. होस्टिंग कंपनी म्हणते, आम्ही आमच्याकडून करायचे ते केले. ज्यांचा या तिघांपैकी दोघांशी कसलाही करार नाही, अशा सामान्य वापरकर्त्याने दाद कुणाकडे मागायची?

उलटटपाली

मुद्रितशोधक यांस, मी एका संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळतो, म्हणजे मेल नाकारणाऱ्यांच्या बाजूचा आहे. आधी यंत्रणा थोडी सविस्तर सांगतो, कारण जबाबदारी कुणाची हे तिच्यातूनच कळते.

अशी यादी म्हणजे डीएनएसमधला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेतला, एक विभाग असतो. समजा १९२.०.२.२५ या पत्त्यावरून कुणी माझ्या सर्व्हरशी जोडणी केली, तर माझा सर्व्हर ते आकडे उलट्या क्रमाने मांडून २५.२.०.१९२ च्या पुढे यादीचे डोमेन लावतो आणि तयार झालेले नाव डीएनएसला विचारतो. असे नावच अस्तित्वात नाही असे उत्तर आले, तर पत्ता यादीत नाही. १२७.०.०.२ यासारखे उत्तर आले, तर आहे. यादीवाल्यांचे काम इथे संपते. त्यानंतर तो मेल घ्यायचा, दारातच नाकारायचा, की त्यावर संशयाचे काही गुण चढवून पुढच्या तपासण्यांकडे सोपवायचा, हे माझा सर्व्हर ठरवतो. आणि सर्व्हरला ते मी सांगून ठेवलेले असते. त्यामुळे ‘आम्ही अडवत नाही’ हे यादीवाल्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. मात्र आपल्या यादीवर विसंबून हजारो सर्व्हर डोळे मिटून मेल नाकारतात हे त्यांनाही पक्के ठाऊक असते, म्हणून त्यांना पूर्णपणे हात झटकता येत नाहीत असे माझे मत आहे.

सगळ्या याद्या एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. अशा याद्या चालवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेचेच उदाहरण घ्या. त्यांची एसबीएल ही यादी स्पॅमशी संबंध जोडलेल्या पत्त्यांची आहे, एक्सबीएल ही व्हायरस किंवा घुसखोरीमुळे दुसऱ्याच्या ताब्यात गेलेल्या यंत्रांची आहे, आणि पीबीएल ही ज्या पत्त्यांवरून थेट मेल येणे अपेक्षितच नाही अशा पत्त्यांची, उदाहरणार्थ घरगुती इंटरनेट जोडण्यांची आहे. पीबीएलमध्ये असणे हा आरोप नाही. घरून मेल पाठवणारा माणूस आपल्या सेवेच्या सर्व्हरवर पासवर्ड देऊन पोर्ट ५८७ (पोर्ट म्हणजे सर्व्हरचे ठरावीक क्रमांकाचे दार) मधून मेल सोपवतो, आणि पुढे तो सर्व्हर आपल्या पत्त्यावरून पोर्ट २५ वर तो पोचवतो. तपासायचा तो या शेवटच्या टप्प्याचा पत्ता. काही ॲडमिन, म्हणजे सर्व्हर सांभाळणारे, मात्र अतिउत्साहाने मेलच्या शीर्षभागातल्या प्रत्येक ‘रिसीव्हड’ ओळीतला (मेल कुठून कुठे गेला हे नोंदणाऱ्या ओळीतला) पत्ता उकरून काढतात आणि तो पीबीएलशी ताडून पाहतात. मग घरातून किंवा प्रवासातून नियमाप्रमाणे पाठवलेला मेलही दोषी ठरतो. यात यादीची काही चूक नसते, कारण हे करू नका असे तिच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते.

आपल्या बाबतीत दुखणे सामायिक पत्त्याचे आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते अपुरे असल्यामुळे होस्टिंग कंपन्या शेकडो ग्राहकांचे मेल एकाच पत्त्यावरून बाहेर सोडतात. मोबाइल आणि घरगुती जोडण्यांमध्येही एका पत्त्यामागे अनेक घरे असतात, आणि त्यांतल्या एकाच्या संगणकात व्हायरस शिरला तरी तो पत्ता सगळ्यांसाठी बदनाम होतो. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण याच सल्ल्यावर बऱ्याच जणांचा वेळ वाया जातो. ‘एसपीएफ आणि डीकेआयएम नीट लावा, म्हणजे सुटाल’ असे आपल्याला कुणीतरी सांगेलच. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद, आणि डीकेआयएम म्हणजे मेलवरची डोमेनची डिजिटल सही. दोन्ही लावलेच पाहिजेत, पण आयपीच्या यादीतून ते सोडवत नाहीत. यादीची तपासणी जोडणी होताना किंवा प्राप्तकर्त्याचे नाव सांगितले जाताना होते. डीकेआयएमची सही मेलच्या शीर्षभागात असते आणि तो मजकूर तोवर पलीकडे पोचलेलाच नसतो. पत्र उघडण्यापूर्वीच दार लागल्यावर आतली सही वाचणार कोण?

पाटीपेन्सिल

या सगळ्या चर्चेत पडण्यापेक्षा एखाद्या मोठ्या मेल सेवेकडे आपले डोमेन हलवावे आणि मोकळे व्हावे. त्यांचे पत्ते यादीत टाकण्याची कुणाची छाती होत नाही, आणि कुणी टाकलेच तर ओरड करायला निम्मे जग असते. छोट्या होस्टिंग कंपनीचे पैसे वाचवायचे आणि पत्रे मात्र वेळेवर पोचावीत अशी अपेक्षा करायची, हे जमणारे नाही.

जुनीवही

पाटीपेन्सिल यांचा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचा नाही, पण ‘छाती होत नाही’ या शब्दांतच या व्यवस्थेचा अन्याय आला आहे. मोठ्याचा पत्ता यादीत गेला तर यादीच बदनाम होते, छोट्याचा गेला तर छोटाच बदनाम होतो.

उलटटपाली यांच्या विवेचनात मला एक भर घालायची आहे. निरपराध माणसांचे नुकसान हा या याद्यांचा अनपेक्षित परिणाम आहे असे आपण सगळे धरून चाललो आहोत. काही याद्यांच्या बाबतीत ते खरे नाही. तिथे हे नुकसान हेच साधन होते. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी मॅप्स या नावाखाली अशी पहिली यादी चालवली, तेव्हाही हेतू केवळ स्पॅम गाळण्याचा नव्हता, तर स्पॅमरला थारा देणाऱ्या सेवापुरवठादारावर दबाव आणण्याचा होता. २००१ मध्ये सुरू झालेल्या स्पूज या यादीने ही रीत टोकाला नेली. पुरवठादाराने स्पॅमरला हाकलले नाही, तर नोंद त्या एका पत्त्यावरून शेजारच्या पत्त्यांवर आणि मग त्या पुरवठादाराच्या सलग पत्त्यांच्या मोठमोठ्या पट्ट्यांवर पसरत जाई. त्रासलेले ग्राहक पुरवठादाराकडे तक्रार करतील किंवा त्याला सोडून जातील आणि मग तो वठणीवर येईल, असा हिशेब होता. यादी कोण चालवते हे गुप्त होते. पत्ता नाही, फोन नाही. काही म्हणायचे असेल तर एका सार्वजनिक न्यूजग्रुपवर (इंटरनेटवरच्या चर्चामंचावर) लिहावे, असे सांगितले जाई. तिथे लिहिणाऱ्या गरजूची बहुधा इतर सभासदांकडून टिंगलच होत असे. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात चूक होते हे आपण समजू शकतो, पण इथे संन्याशाला मुद्दाम उभे केले जात होते.

आजही काही याद्यांमध्ये ही वृत्ती शिल्लक आहे. यूसीईप्रोटेक्टच्या याद्यांच्या तीन पातळ्या आहेत. पहिलीत एकेक पत्ता असतो, तिसरीत पुरवठादाराचे अख्खे नेटवर्क असते. आपल्याच पत्त्यावरून एकही स्पॅम गेले नसले तरी आपण त्या तिसऱ्या पातळीत असू शकतो. नोंद लवकर काढून हवी असेल तर पैसे भरण्याची सोय त्यांच्याकडे आहे. इंटरनेट रिसर्च टास्क फोर्सने २०१२ मध्ये अशा याद्यांनी कसे वागावे याबद्दल आरएफसी ६४७१ हा दस्तऐवज (आरएफसी ही इंटरनेटविषयक क्रमांकित दस्तऐवजांची मालिका) प्रसिद्ध केला. नोंद कशी होते आणि कशी निघते याचे निकष उघड असावेत, हे त्यात आहेच. शिवाय नोंद काढण्यासाठी यादीत सापडलेल्याकडून पैसे घेणे खंडणीच्या फार जवळ जाते, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण तो दस्तऐवज सल्ल्यापुरता आहे, बंधनकारक नाही.

कोर्टाकडूनही फारशी आशा धरू नये. ई३६० नावाच्या अमेरिकी कंपनीने स्पॅमहाउसविरुद्ध खटला भरला, आणि स्पॅमहाउसने बचाव न केल्यामुळे २००६ मध्ये तिला एक कोटी सतरा लाख डॉलर्सची भरपाई मंजूर झाली. पुढे अपिलांमध्ये ती रक्कम घसरत गेली आणि २०११ मध्ये नुकसान सिद्ध न झाल्याने तीन डॉलर्सवर आली. ती घाऊक मेल पाठवणारी कंपनी होती म्हणून मला तिची कीव येत नाही. पण मुद्रितशोधक यांच्यासारख्याने, एक पत्र पोचले नाही म्हणून झालेले नुकसान कोर्टात कोणत्या आकड्यात मांडायचे?

मरून गेलेल्या याद्यांचा उपद्रव तर वेगळाच असतो. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी पुढे वर्षभराहून अधिक काळ असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. शेवटी मार्च २००८ मध्ये तिच्याकडून प्रत्येक प्रश्नाला ‘हो, यादीत आहे’ असेच उत्तर जाऊ लागले आणि ज्यांनी जुनी सेटिंग्ज तशीच ठेवली होती त्यांच्याकडे येणारा सगळा मेल परत जाऊ लागला. ऑसिरुसॉफ्ट या यादीने ऑगस्ट २००३ मध्ये, हल्ल्यांनी जेरीस येऊन, असेच सगळे जग यादीत घातले होते. स्पॅमकॅनिबल या यादीच्या बाबतीत २०१८ मध्ये कुणी काही ठरवलेही नव्हते: डोमेनची मुदत संपली, ते विक्रीसाठी ठेवलेल्या पानाकडे वळले, आणि कोणत्याही नावाला काहीतरी उत्तर मिळू लागले. ‘उत्तर आले म्हणजे दोषी’ एवढेच समजणाऱ्या सर्व्हरांना तेवढे पुरले.

उलटटपाली

जुनीवही यांच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा देतो, कारण हा प्रकार चालू याद्यांबाबतही घडतो. स्पॅमहाउसला सार्वजनिक डीएनएस सेवांमधून प्रश्न विचारला तर ते १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देतात, आणि त्याचा अर्थ ‘या मार्गाने विचारू नका’ एवढाच असतो. एखाद्या ॲडमिनने सर्व्हरची डीएनएस सेटिंग बदलली आणि त्याची प्रणाली उत्तराचा आकडा न पाहता केवळ उत्तर आले का एवढेच पाहत असली, तर त्या क्षणापासून सगळे जग स्पॅमर ठरते. यादी शुद्धीवर आहे की नाही हे कळण्याची सोय २०१० च्या आरएफसी ५७८२ मध्येच दिलेली आहे: यादीत १२७.०.०.२ ची नोंद असलीच पाहिजे आणि १२७.०.०.१ ची असता कामा नये. एवढी तपासणी रोज आपोआप चालवता येते. किती जण चालवतात, हे न विचारलेले बरे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. नाकारल्याच्या संदेशातला संपूर्ण मजकूर, यादीच्या नावासकट, इथे द्यावा. पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

मुद्रितशोधक

सर्वांचे आभार. परत आलेले मेल पुन्हा नीट वाचले, तेव्हा तीन वेगवेगळे प्रकार एकत्र झाल्याचे लक्षात आले.

काहींमध्ये ५५४ ५.७.१ आहे आणि ज्या यादीचे नाव आहे ती, तपासून पाहिल्यावर, आमच्या सर्व्हरच्या पत्त्यालाच नव्हे तर होस्टिंग कंपनीच्या संपूर्ण पट्ट्याला दोषी धरणारी निघाली. काहींमध्ये ४५१ हा आकडा आणि ‘नंतर प्रयत्न करा’ असा मजकूर आहे, आणि ते मेल काही तासांनी पोचलेले दिसतात. त्या लेखिकेला पाठवलेल्या पत्राचा मात्र काहीच पत्ता लागत नाही. आमच्या बाजूच्या नोंदीत पलीकडच्या सर्व्हरने ते ‘२५०’ म्हणून स्वीकारले आहे.

होस्टिंग कंपनीचे म्हणणे असे, की या यादीला आम्ही किंमत देत नाही आणि पैसे तर मुळीच देणार नाही. एका अर्थी मला ते पटते. पण विद्यापीठ किंमत देते, त्याचे काय? स्वतंत्र आयपी पत्ता विकत घ्यावा का, असाही विचार मनात आहे.

उलटटपाली

आधी लेखिकेच्या पत्राविषयी, कारण तिन्हींत तेच सर्वांत गंभीर आहे. २५० म्हणजे पलीकडच्या सर्व्हरने त्या मेलची जबाबदारी घेतली. त्यानंतर तो स्पॅमच्या फोल्डरमध्ये, क्वारंटाइनमध्ये (संशयित मेल अडकवून ठेवण्याच्या जागेत) किंवा थेट कचऱ्यात गेला असेल, तर पाठवणाऱ्याला ते कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. मेलची देवाणघेवाण ज्या आरएफसी ५३२१ नुसार चालते त्यात असे गुपचूप गायब करणे, मेल घातक आहे याची फार मोठी खात्री असेल तेव्हाच करावे, असे म्हटले आहे. म्हणूनच मी सहकाऱ्यांना नेहमी सांगतो, की नाकारायचेच असेल तर दारात नाकारा, गिळू नका. आपल्याला ५५४ चा राग येतो आहे, पण त्या ५५४ मुळेच आपण आज इथे प्रश्न विचारू शकलात.

४५१ कडे दुर्लक्ष करावे. बहुधा ते ग्रेलिस्टिंग असावे. अनोळखी सर्व्हरला एकदा परत पाठवून तो पुन्हा येतो का हे पाहण्याची ती रीत आहे.

५५४ बद्दल माझे मत थोडे कठोर आहे, आणि ते माझ्याच व्यवसायातल्या लोकांविषयी आहे. पट्ट्याच्या पट्टा यादीत घालणारी यादी कुणी चालवत असेल, तर चालवो बापडा. ते त्याचे मत आहे. पण त्या एकाच मतावर मेल सरळ नाकारणे हा पलीकडच्या ॲडमिनचा निर्णय आहे, आणि त्याचे उत्तर त्यानेच दिले पाहिजे. अशा यादीला गुणांकनात थोडे वजन द्यावे. स्पॅम ओळखणाऱ्या स्पॅमअसॅसिनसारख्या प्रणालीत मुळात पाच गुण झाल्याशिवाय मेल स्पॅम ठरत नाही, ते उगाच नाही. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रणालीच्या पोस्टस्क्रीन या भागातही अनेक याद्यांना वेगवेगळे वजन देऊन बेरीज करण्याची सोय आहे. याद्याच नकोत असे मात्र मी कधीच म्हणणार नाही. ज्याने त्यांच्याशिवाय एक दिवस जरी सर्व्हर चालवून पाहिला आहे, तो असे म्हणत नाही.

त्या विद्यापीठाच्या ॲडमिनने दोन गोष्टी बहुधा केलेल्या नाहीत. एक म्हणजे पोस्टमास्टरचा पत्ता यादीच्या तपासणीतून वगळणे. आरएफसी ५३२१ नुसार त्या पत्त्यावरचा मेल घेण्यासाठी शक्य तेवढे प्रयत्न करणे अपेक्षित आहे. दुसरी गोष्ट अशी, की जोडणी होताक्षणी नकार दिला तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, केवळ आयपी पत्ता उरतो. कुणी, कुणाला पत्र पाठवत होते याची नोंदच होत नाही. प्राप्तकर्त्याचे नाव सांगेपर्यंत थांबून नाकारले, तर दोन्ही पत्ते लॉगमध्ये येतात. ज्याच्या लॉगमध्ये केवळ आकडे असतात त्याला, आपण रोज कुणाचे नुकसान करतो आहोत, हे दिसणारच कसे? मग तो मनापासून म्हणतो, की या यादीबद्दल आमच्याकडे आजवर एकही तक्रार आलेली नाही.

तेव्हा तक्रार आतून जाऊ द्यावी. आपण त्या विद्यापीठाचे कुणीच लागत नाही, पण ज्या तज्ज्ञाला आपण लेख तपासायला पाठवत होतात तो त्यांचा माणूस आहे, आणि त्याला येणारे पत्र त्याच्याच संस्थेने परवानगीशिवाय परत पाठवले आहे. त्याला फोन करा किंवा अन्य खात्यावरून लिहा, आणि त्याने आपल्या संगणक विभागाकडे तक्रार नोंदवावी अशी विनंती करा. तिच्यात मेल पाठवल्याची वेळ टाइमझोनसकट, पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता, दोन्ही ईमेल पत्ते आणि नाकारल्याचे वाक्य जसेच्या तसे, एवढे असावे. ‘मेल येत नाहीत’ अशा मोघम तक्रारीची वासलात लावायला कुणालाही मिनिट लागत नाही.

स्वतंत्र पत्ता घेऊ नये. पट्टा तोच राहणार असेल तर यादीही तीच राहील, आणि पट्टा बदलला तरी नव्या पत्त्याला पूर्वलौकिक नसतो. आपल्याइतक्या थोड्या पत्रांतून तो लवकर तयारही होत नाही. त्यापेक्षा बाहेर जाणारा मेल एखाद्या नावाजलेल्या रिले सेवेमार्फत (आपले मेल तिच्या सर्व्हरवरून पुढे पोचवणाऱ्या सेवेमार्फत) सोडावा. मेलपेट्या आहेत तिथेच राहू शकतात. एसपीएफच्या नोंदीत त्या सेवेचा समावेश करायला विसरू नये.

जुनीवही

उलटटपाली यांच्या सल्ल्याला एक पुरवणी. विद्यापीठाचा संगणक विभाग बहुधा सोपा मार्ग काढील आणि ‘तुमचा आयपी पत्ता आम्ही अपवादात टाकतो’ असे म्हणेल. ते नम्रपणे नाकारावे, कारण पत्ता सामायिक आहे आणि उद्या त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणाच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली, तर त्याचे स्पॅमही त्याच अपवादातून आत जाईल. मग अपवाद रद्द होईल आणि आपण पुन्हा बाहेर. ‘पाठवणाऱ्याचे डोमेन अपवादात टाकतो’ हेही कच्चे आहे, कारण लिफाफ्यावरचे नाव कुणीही लिहू शकतो, आणि एकाच सर्व्हरवरून पाठवत असल्यामुळे शेजाऱ्याने आपले नाव वापरले तरी एसपीएफची तपासणी उत्तीर्ण होऊ शकते. त्यांच्याकडून मागायचे ते एवढेच, की त्या विशिष्ट यादीला थेट नकाराच्या जागेवरून काढून गुणांकनात न्यावे. म्हणजे मेलचा मजकूर आत पोचेल, डीकेआयएमची सही तपासली जाईल, आणि पट्ट्याच्या बदनामीपेक्षा आपल्या डोमेनच्या वागणुकीला वजन मिळेल. त्या विद्यापीठात पत्रे पाठवणाऱ्या इतर छोट्या संस्थांचीही त्यात आपोआप सोय होईल.

मुद्रितशोधक

तज्ज्ञांशी फोनवर बोललो. आपल्याकडे येणारी पत्रे परत जातात याची त्यांना कल्पनाच नव्हती. गेल्या महिन्यात आणखी एका परिषदेचे निमंत्रण का आले नाही, असा प्रश्न आता त्यांना पडला आहे. वर सुचवलेल्या मजकुरासह ते आजच तक्रार नोंदवणार आहेत, आणि विभागाने पत्ता अपवादात टाकण्याची तयारी दाखवली तर काय उत्तर द्यायचे, तेही त्यांना लिहून पाठवले आहे. अर्थात दुसऱ्या खात्यावरून.